अकरा वीस ते अकरा पन्नास

जुलैचा दुसरा आठवडा. बाहेर पाऊस, अंगणाचं दार बंद, आणि आमच्या पाळणाघरातल्या लहान गटात त्या दिवशी नऊच्या नऊ मुलं हजर. मी एकीचा डायपर बदलत होते, तेवढ्यात पाठीमागे किंचाळी आली. वळून बघते तर मनी बसल्या जागी लालबुंद होऊन रडतेय आणि चिमण तिच्यासमोर उभा, हातात निळ्या झाकणाचा स्टीलचा डबा. मनीच्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, समोरासमोर दोन कमानी उमटल्या होत्या. दात मोजता येतील इतक्या स्पष्ट. कातडी फाटली नव्हती. साबणपाण्यानं हात धुतला, ओलं गार फडकं धरलं, आणि तिला कडेवर घेऊन फिरत राहिले. ज्या बाळाचा डायपर अर्धवट राहिला होता ते तसंच गादीवर. माझी जोडीदार ताई धावत येऊन त्याच्यापाशी बसली म्हणून बरं.

चिमण आणि मनी ही नावं मी इथल्यापुरती दिली आहेत. चिमण तेव्हा १७ महिन्यांचा, मनी १४ महिन्यांची. पाळणाघर पुण्यातलं. मी तिथे नऊ वर्षं लहान गट बघते, म्हणजे दोन वर्षांपर्यंतची मुलं. आम्ही दोघी ताई, शिवाय एक मावशी, जी स्वयंपाकघर, मोठा गट आणि आम्ही अशा तिघांत वाटलेली. कागदावर हे वाईट नाही. केंद्र सरकारनं २०१८ साली पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस धरली आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस लागतं. आम्ही या दोहोंच्या मधे कुठेतरी. पण हे प्रमाण मोजतात हजेरीपटावर. अकरा चाळीसला खोलीत मुलांजवळ खाली कोण बसलं होतं, हे हजेरीपट सांगत नाही.

मनी आमच्याकडे सातव्या महिन्यात आली. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या बाळांचं वय असंच असतं. पूर्वी तीन-साडेतीन महिन्यांची पण यायची. मनीला खोली पाठ होती. कुठली ताई कुठे बसते, कुठल्या कपाटाचं दार उघडतं, सगळं. चिमण मात्र जूनपर्यंत आजीजवळ वाढलेला. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि घाईघाईनं त्याला आमच्याकडे घातलं. बर्लिनमध्ये रुळवण्याची एक पद्धत आहे, तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा बाबा खोलीतच बसतात आणि मूल सोडून बाहेर जाण्याचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी होतो, तोही थोडक्या मिनिटांचा. चिमणची आजी पहिल्या दिवशी तासभर बसली, मग काठी टेकत निघाली. दुसऱ्या दिवशी बाबा दारातूनच परतले. त्यांनाही रजा नव्हती आणि आम्हीही हट्ट धरला नाही. तीन आठवडे तो रडला. चौथ्या आठवड्यात रडणं थांबलं आणि आम्ही "रुळला बाई एकदाचा" म्हणून मोकळ्या झालो. सहाव्या आठवड्यात पहिला चावा.

आता आम्ही काय चुकलो ते सांगते, कारण प्रकरणाचा बराचसा भाग तोच आहे.

पहिली चूक माझी. दुसऱ्यांदा चावला तेव्हा मी खोलीच्या या टोकावरून ओरडत गेले, "नाही! चावायचं नाही!" जोडीदार ताई आली, मावशी दारात येऊन उभी राहिली, मोठ्या गटातल्या ताईनंही डोकावलं. चिमण आमच्या चौघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता आणि हसला. मावशी म्हणाली, "बघा कसा लबाड आहे." मलाही क्षणभर तसंच वाटलं. दीड वर्षाच्या मुलाला लबाडी जमत नाही, हे मी दरवर्षी नव्या ताईंना शिकवते. पण त्या क्षणी मला आठवलं नाही.

दुसरी चूक कठड्याची. दोन दिवस आम्ही गर्दीच्या वेळी त्याला कठड्यात ठेवला, दोन खेळणी देऊन. तो कठड्याची लाकडी कड चावत बसायचा. ती कड अजून तशीच आहे, रंग उडालेली.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडली. मनीच्या आईला आम्ही दुपारी फोन केला नाही. संध्याकाळच्या चिठ्ठीत लिहिलं: "आज हातावर थोडं लागलं, आता ठीक." 'थोडं लागलं' ही आमच्या व्यवसायातली फार सोयीची ओळ आहे. रात्री आंघोळ घालताना आईला हातावरचं वळ दिसलं, आणि खांद्याच्या मागे आणखी एक, जे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही फोटो आले. अकरापर्यंत ग्रुपवर सत्तावीस निरोप झाले होते. एकानं 'चावरा मुलगा कोण' असं विचारलं होतं आणि एकीनं अंदाज बांधून उत्तरही दिलं होतं. अंदाज बरोबर होता. चिमणची आई त्याच ग्रुपवर होती.

आमचा नियम असा की चावणाऱ्या मुलाचं नाव दुसऱ्या घरी सांगायचं नाही. नियम चांगलाच आहे, पण आपण काहीच सांगितलं नाही की लोक नावच शोधतात. दुपारी फोनवर "कुठे, किती वाजता, आम्ही काय केलं, खूण कशी दिसतेय" एवढं सांगितलं असतं तर आईनं फोटो आधी मला पाठवला असता. तिनंच मला दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं. आवाज चढवला नाही तिनं. "ताई, मला राग चावल्याचा नाही. पाठीवरचं तुम्हाला माहीतच नव्हतं, त्याचा आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून नोंदवही सुरू केली. नोंदवही म्हणजे शाळेची साधी दोनशे पानी वही, कठड्याच्या खिळ्याला दोरीनं बांधलेला पेन. प्रत्येक चाव्याला किंवा हुकलेल्या चाव्याला चार गोष्टी: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, कोणाला, आणि मोठी माणसं नेमकी कुठे होती. हा शेवटचा रकाना जोडीदार ताईनं घालायला लावला. मला आधी तो टोमणा वाटला होता.

दोन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. त्यांतल्या सात अकरा वीस ते अकरा पन्नासच्या मधल्या. उरलेल्या दोन नोंदींत मनीनं चिमणला मिठी मारली होती आणि त्यानं तिच्या खांद्यात तोंड खुपसून दात लावले होते. लाडात येऊनही या वयाची मुलं चावतात. तोंड हेच त्यांचं पहिलं हत्यार आणि पहिला हात. पण सातांपैकी सहा वेळा 'मोठी माणसं' या रकान्यात साधारण एकच ओळ होती: एक ताई डायपरच्या गादीवर, एक ताई जेवणाच्या वाट्या मांडताना, मावशी स्वयंपाकघरात.

संचालिकांनी कॅमेऱ्याचं चित्रण बघायचं ठरवलं. पालकांची मागणी होती म्हणून. आम्ही तिघी छोट्या ऑफिसात बसलो आणि पाच दिवसांचा तोच अर्धा तास पाहिला. आवाज नव्हता, त्यामुळे आपलं काम परक्यासारखं दिसतं. साडेअकराला आम्ही दोघी एकदम उठतो. तोपर्यंत एक जण चटईवर बसलेली असते, तिच्याभोवती चार-पाच मुलं अशी मांडीला, पाठीला टेकून खेळत असतात. ती उठली की मुलांचा घोळका सैल पडतो. दोन जण तिच्यामागे जातात, एक रडतो, आणि बाकीची मुलं खोलीच्या मध्यावर एकमेकांच्या अंगावर येतात. चिमण दर वेळी आधी आमच्याकडे बघतो. एकदा तर तो डायपरच्या गादीपर्यंत चालत आला, माझा ओढणीचा शेव धरला, मी वळले नाही, त्यानं शेव सोडला आणि परत गेला. तिथे मनी त्याच्या डब्यापाशी बसली होती. पुढचं ठाऊक आहे. चावल्यावर मात्र चार सेकंदांत मी त्याच्याजवळ.

संचालिका म्हणाल्या, "म्हणजे त्यानं बेल शोधून काढलीय." मला हे शंभर टक्के पटलेलं नाही, एवढं कारण-परिणाम जोडणं १७ महिन्यांच्या मुलाला कितपत जमत असेल, कोण जाणे. पण चावल्याशिवाय त्या अर्ध्या तासात मोठं माणूस हाती लागत नव्हतं, एवढं त्या पडद्यावर उघड दिसत होतं.

मग चिमणच्या घरच्यांना बोलावलं. आई-बाबा आले आणि वॉकर घेऊन आजीही आली. आई मान खाली घालून बसली होती. ग्रुपवरचं सगळं तिनं वाचलं होतं. आजी मात्र ठणठणीत. "अहो ताई, याच्या बापाला असंच होतं. मी एकदा त्याचाच हात धरून कचकन चावून दाखवलं. एका दिवसात सुटली सवय." बाबा कसनुसं हसले. हा उपाय महाराष्ट्रातल्या निम्म्या आज्या सांगत असतील. मी म्हटलं, "आजी, तुम्ही चावलात तर मोठी माणसंही चावतात एवढंच तो शिकेल. आणि मी चावले तर मला उद्या घरी बसावं लागेल." त्या हसल्या आणि मग त्यांनीच कामाची गोष्ट सांगितली. "पण आठ दिवस झाले, डाव्या गालाला हात लावू देत नाही. लाळेरं दिवसाला पाच-पाच भिजतात. दाढ येतीये त्याची."

दाढेची गोष्ट आमच्या डोक्यात यायला हवी होती. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात. आम्ही लाळेरी बदलत होतो आणि बदलून विसरत होतो.

दुसरी गोष्ट बाबांकडून कळली, तीही सहज बोलताना. त्यांची कंपनीची बस सव्वासातला असते, म्हणून घर पावणेसहाला उठतं आणि घराबरोबर चिमणही. आमच्याकडे सगळ्या गटाची झोप सव्वाबाराला. म्हणजे साडेअकराला तो जवळजवळ सहा तास जागा होता. मनी सकाळी आठला उठायची. आम्ही दोघांना एकाच घड्याळावर चालवत होतो. प्रवेशाच्या फॉर्मवर 'सकाळी उठण्याची वेळ' असा रकाना आहे. चिमणच्या फॉर्मवर तो रिकामा होता आणि तो भरून घेणं माझं काम होतं.

आम्ही जे बदललं त्याला उपाययोजना म्हणण्याइतकं काही नव्हतं.

डायपर सगळ्यांचे एकदम बदलणं बंद केलं. ज्याचा ओला त्याचा तेव्हा, आणि बदलताना एक ताई गेली की दुसरीनं चटईवरून उठायचं नाही, दारावर कोणी आलं तरी नाही. हंगेरीत एमी पिकलर यांनी १९४६ पासून बुडापेस्टमध्ये बालगृह चालवलं. कपडे बदलणं आणि आंघोळ हाच मुलाशी एकट्यानं बोलण्याचा वेळ, घाईनं उरकायचं काम नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. प्रशिक्षणात मी हे वाचलं होतं आणि आमच्याकडे जमण्यासारखं नाही म्हणून सोडून दिलं होतं. नऊ मुलांचे डायपर पंधरा मिनिटांत करण्याचा मला तर अभिमानच होता.

वाट्या मांडायचं काम मावशीकडे द्यायचं ठरलं, आणि इथे खरी ओढाताण झाली. मावशी त्या वेळी मोठ्या गटाच्या पोळ्यांचा कुस्करा करायची. मोठ्या गटाची ताई म्हणाली, "तुमचं एक मूल चावतं म्हणून माझी वीस मुलं उपाशी?" तिचंही खरं होतं. संचालिकांनी आधी नकार दिला. मग मावशीनंच तोड काढली: लहान गटाची खिचडी सव्वाअकरालाच खाली उतरते, ती वाट्यांत घालून, झाकून ट्रे आमच्या खिडकीत ठेवून देते आणि मगच पोळ्यांकडे जाते. मुलांच्या तोंडात जाईपर्यंत खिचडी कोमट होते, तेवढीच हवी असते. तीन बैठका घेऊन जे सुटलं नव्हतं ते मावशीनं अर्ध्या मिनिटात सोडवलं. बैठकांना तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

चिमणला सगळ्यांच्या आधी जेवू घालायचं आणि पावणेबाराला झोपवायचं, बाकीचे जागे असले तरी. अकराच्या सुमाराला फ्रीजमधलं गार मलमलचं फडकं चावायला द्यायचं. आणि निळ्या झाकणाचे आणखी दोन डबे घरून आणले. ज्या वयात 'माझं-तुझं' अजून फुटलेलं नसतं त्या वयात 'वाटून खेळा' म्हणण्यापेक्षा तीन डबे ठेवणं स्वस्त पडतं.

त्याला शब्द चारच येत होते: आई, मम्, भू, दे. 'दे' म्हणताना तळहात पुढे करायला शिकवलं आणि त्यानं तसं केलं की मिळेल ते लगेच द्यायचं, नाहीतर निदान खाली बसून त्याच्याकडे बघायचं. त्यानं माझी ओढणी ओढली तर वळायचं, हे मी स्वतःसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात दोन नोंदी. चौथ्यात एकही नाही. सहाव्यात एक, मिठीतली.

मनी मात्र तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गेली. तिच्या आईनं महिना संपेपर्यंत वाट पाहिली, फी पूर्ण भरली, आणि मनीची गादी, बाटली, दोन झबली एका पिशवीत घालून घेऊन गेली. "घरच्यांना आता भरवसा वाटत नाही, ताई," एवढंच म्हणाली. घरच्यांना म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही. तिच्यापुरतं हे प्रकरण फसलं, आणि नोंदवहीतल्या घटत्या आकड्यांनी ते बदलत नाही. मला आजही वाटतं की पहिल्या दिवशी दुपारी केलेला एक फोन आम्ही नंतर केलेल्या सगळ्या बदलांपेक्षा जास्त कामाला आला असता.

प्रशिक्षणात हे प्रकरण सांगितलं की विचारतात, नेमकं कशानं थांबलं? प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तीन गोष्टी एकदम झाल्या. आमचं वेळापत्रक बदललं, त्याची डावी दाढ वर आली, आणि पाऊस उघडून अंगणाचं दार पुन्हा उघडलं. यातली एक वेगळी काढून दाखवता येणार नाही. शिवाय तो एका महिन्यानं मोठा झाला. या वयात एक महिना म्हणजे बराच काळ.

पण सप्टेंबरातला एक दिवस मी त्यांना सांगते. मावशी गावाला गेली होती आणि बदली बाई आली नव्हती. अकरा वीसला मी वाट्या घ्यायला स्वयंपाकघरात गेले, जोडीदार ताई डायपरच्या गादीवर. अकरा पस्तीसला परत आले तेव्हा २० महिन्यांची एक मुलगी, जिनं तोवर कोणाला बोटही लावलं नव्हतं, एकाच्या पायाला चावून बसली होती. चिमण पावणेबाराच्या झोपेसाठी आपणहून गादीवर जाऊन आडवा झाला होता. मी त्या मुलाच्या घरी अकरा बेचाळीसला फोन केला.

या वयाच्या मुलांबद्दल आपल्याकडे लिहिलं गेलंय ते मुख्यतः पुढच्या टप्प्याचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीला जो आकार दिला, त्यावर आमचं सगळं शिक्षण उभं आहे. ताराबाईंच्या विकासवाडीत बालवाडी आणि प्राथमिक शाळेबरोबर पाळणाघरही एकाच आवारात होतं, लहान भावंडाला कडेवर घेतलेली मुलं शाळेत येऊ शकावीत म्हणून. म्हणजे तान्ह्यांचा विचार तेव्हाही झाला होता. पण अभ्यासक्रमांत आल्या त्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या गोष्टी, गाणी, मणी ओवणं. शून्य ते तीनसाठी केंद्राचा 'नवचेतना' आराखडा आला तो २०२४ मध्ये. त्यात ३६ महिन्यांसाठी १४० कृती दिल्या आहेत. त्या मी वापरते, चांगल्या आहेत. माझी अडचण कृतींच्या मधल्या वेळेची आहे, जेव्हा कोणतीच कृती चाललेली नसते आणि दोघी ताई उभ्या असतात.

चिमण आता मोठ्या गटात गेलाय. भरपूर बोलतो. नोंदवही तिथेच टांगलेली आहे, नव्या मुलांसाठी. खोलीच्या दारावरचं रंगीत वेळापत्रक मात्र आम्ही बदललेलं नाही. त्यावर अजून '११.३० – स्वच्छता व डायपर, ११.४५ – जेवण, १२.१५ – झोप' असंच छापलेलं आहे, शेजारी हत्तीचं चित्र. प्रवेशाला येणारे पालक त्याचा फोटो काढतात. फॉर्म भरून घेताना मी त्यांना विचारते, सकाळी किती वाजता उठतो?